हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नवी वही पुजतो. पण ती पुजण्यापूर्वी जुन्या वहीतली येणी-देणी तो एकदा डोळ्यांखालून घालतो, आणि राहिलेली बाकी नव्या वहीत उतरवून घेतो. राज्यकारभाराला ही साधी रीत ठाऊक नसावी. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनाच्या साथीपायी आपल्या ग्रामपंचायतींनी जो खर्च केला, तो सरकारने कधी आपले देणे म्हणून मानलाच नाही. ऐन सणात हा रूक्ष हिशेब काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. त्यांनी इतकेच आठवून पाहावे, की त्या दोन दिवाळ्या आपण कशा काढल्या, आणि त्या दिवसांत आपापल्या गावच्या वेशीवर कोण उभे होते.

माझे म्हणणे एका वाक्यात मावणारे आहे. हुकूम ज्याचा, खर्च त्याचा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी वीस पाहुण्यांना जेवायला बोलवावे आणि वाणसामानाचे पैसे मात्र सुनेने डब्यात साठवलेल्या चिल्लरीतून द्यावेत, याला कोणी आतिथ्य म्हणत नाही. मराठीत याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात. साथीच्या काळात सरकारने जे औदार्य दाखवले, त्याचा फार मोठा भाग या जातीचा होता.

या दुखण्याचे मूळ पाहायचे तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला. त्या कायद्याच्या जोरावर पुण्यात जे घडले ते आपल्याला पाठ आहे. रँडसाहेब, घराघरांत शिरणारे गोरे शिपाई, २२ जूनची ती रात्र आणि चाफेकर बंधू, हे सारे आपण मुलांना सांगतो. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, हेही सांगतो. परंतु त्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात एक निरुपद्रवी दिसणारे वाक्य आहे. त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. साथ आवरण्यासाठी सरकारला वाटेल तो उपाय करता येईल, वाटेल त्याला तो करायला लावता येईल, आणि त्यासाठी झालेला खर्च कोणी व कसा सोसायचा हेही सरकारला ठरवता येईल, असे ते कलम म्हणते.

'ठरवता येईल'! ठरवलेच पाहिजे असे नाही. हुकूम काढण्याची सत्ता पूर्ण आणि पैसे देण्याची जबाबदारी ऐच्छिक, असा हा सौदा आहे. परक्या सरकारने आपल्या सोयीचा कायदा केला, यात नवल नाही. नवल याचे, की स्वातंत्र्यानंतर इतकी वर्षे आपण तो तसाच वापरला. २०२० साली संसदेने या कायद्याला हात लावला. डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद केली, आणि ते योग्यच झाले. पण खर्चाचे वाक्य होते तिथेच राहिले. ते बदलावे असे एकाही शहाण्याला वाटले नाही.

मार्च २०२० मध्ये राज्य सरकारने हाच कायदा पुकारला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, आणि हुकमांचा पाऊस पडू लागला. मंत्रालयातून विभागीय आयुक्तांकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हा परिषदेकडे, गटविकास अधिकाऱ्याकडे आणि शेवटी ग्रामसेवकाच्या मोबाइलवर. गावात औषध फवारा. वेशीवर नाके बसवा. ग्राम कृती दल स्थापन करा. बाहेरून येणाऱ्यांची नोंद ठेवा. जिल्हा परिषदेची शाळा मोकळी करून त्यांना तिथे वेगळे ठेवा. त्यांच्या जेवणाखाणाचे पाहा. साबण वाटा. मुखपट्ट्या वाटा. कोकणात तर मुंबईचा चाकरमानी मे महिन्यात आला आणि पुन्हा गणपतीला आला. त्याला शाळेत ठेवायचे म्हणजे पाणी, वीज, अंथरूण, संडासाची सफाई आणि राखण, सारे आलेच. हुकूम शहाणपणाचे नव्हते असे मी म्हणत नाही. बरेचसे आवश्यकच होते. माझा प्रश्न एवढाच, की त्या हुकमाच्या कागदावर खर्चाचा रकाना कुठे होता?

ग्रामपंचायतीचे उत्पन्न ते काय? घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारकर, क्वचित दोन-चार गाळ्यांचे भाडे. ज्या वर्षी आठवडे बाजार बंद, मजुरी बंद, गाळ्यांना कुलूप, त्या वर्षी पट्टी कोण भरणार, आणि मागायला तरी कोणत्या तोंडाने जायचे? म्हणजे वसुली थांबली नेमकी तेव्हाच खर्च सुरू झाला.

माझ्या पाहण्यातल्या एका गावाची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, कारण अशी गावे पुष्कळ आहेत. तिथल्या सरपंचबाईंनी पहिल्या चार महिन्यांत फवारणीचे औषध, ट्रॅक्टरचे भाडे, शाळेत ठेवलेल्या माणसांचा शिधा आणि दोन राखणदारांची मजुरी असा लाखाच्या आतबाहेरचा खर्च केला. पंचायतीच्या खात्यात तेवढे नव्हते. बरेचसे उधारीवर झाले. गावचा किराणा दुकानदार त्यांना म्हणाला, "वहिनी, बिल तुमचं नाही, पंचायतीचं आहे, हे मला कळतं. पण घाऊक व्यापारी काही पंचायत ओळखत नाही. तो माझ्या दारात बसतो." बाईंनी पाटल्या मोडल्या नाहीत, पण सोसायटीचे कर्ज मात्र घेतले. पुढे पंचायतीची मुदत संपली आणि प्रशासक आला. त्याने बिलांची चळत पाहिली आणि विचारले, ठराव कुठे आहे? ठराव होता, तर तीन दरपत्रके नव्हती. तालुक्याची सारी दुकाने बंद असताना तीन दुकानदारांचे भाव आणायचे कुठून, हे त्यालाही सांगता येईना. बिचारा वाईट माणूस नव्हता. लेखापरीक्षणात रक्कम आपल्या अंगावर येईल या भीतीने त्याने सही केली नाही, इतकेच. बिले फायलीत गेली. आणि फाइल म्हणजे काय, हे वाचकांना मी सांगायला नको.

हा एका प्रशासकाचा दोष नव्हे. साथीमुळे निवडणुका पुढे गेल्या, आणि मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक बसवावे लागले. अखेर १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या, आणि १५ जानेवारी २०२१ रोजी मतदान झाले. खर्च केला एकाने, सही करायची दुसऱ्याने आणि उधारी फेडायची तिसऱ्याने, अशी स्थिती किती ठिकाणी झाली असेल, याची कल्पना करावी.

आता सरकारी बाजू ऐकू. सरकार म्हणते, आम्ही काहीच दिले नाही असे नाही. खरे आहे. काय दिले ते पाहू.

पहिली गोष्ट आपत्ती प्रतिसाद निधीची. मार्च २०२० मध्ये केंद्राने करोनाला या निधीपुरती आपत्ती म्हणून मान्यता दिली, आणि राज्याच्या वार्षिक निधीतला ठरावीक हिस्सा साथीवर खर्चण्याची मुभा दिली. सप्टेंबरात ही मर्यादा ३५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेली. परंतु हा पैसा राज्याचा, आणि तो चालतो जिल्हाधिकाऱ्याच्या वाटेने. गावाच्या शाळेत शिजलेल्या खिचडीपर्यंत त्याला पोचायला बरीच दारे ओलांडावी लागतात.

दुसरी गोष्ट वित्त आयोगाची. ९ मे २०२१ रोजी, दुसरी लाट ऐन भरात असताना, केंद्राने पंचवीस राज्यांतल्या ग्रामीण संस्थांसाठी ८,९२३.८ कोटी रुपये सोडले. त्यात महाराष्ट्राचे ८६१.४ कोटी होते. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. परंतु हे पैसे कोणते? पंधराव्या वित्त आयोगाने ठरवून दिलेला, जूनमध्ये द्यायचाच असलेला हप्ता! तो एक महिना आधी दिला, आणि हिशेब ऑनलाइन दाखवण्याची अट तेवढ्यापुरती सोडली. हे बरेच केले. पण घरमालकाने गड्याचा पगार एक तारखेऐवजी आदल्या पंचवीस तारखेला दिला, तर त्याला बक्षिसी म्हणत नाहीत. आणि ढोबळ भागाकार केला, तर राज्यातल्या सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींपैकी एकीच्या वाट्याला ते किती आले? जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांचा मिळून वीस टक्के वाटा वजा जाता, सरासरी अडीच लाखांच्या आसपास. तेही वर्षाच्या साऱ्या कामांसाठीच ठरलेले.

बरे, तेवढे तरी गावाच्या हाती राहिले का? २०२० साली चौदाव्या वित्त आयोगाच्या रकमेवर साठलेल्या व्याजातून 'आर्सेनिकम अल्बम' नावाच्या होमिओपॅथिक गोळ्या गावोगाव वाटायचे ठरले. त्या गोळ्यांनी काय साधणार होते तो वाद वैद्यांनी करावा. मी एवढेच विचारतो, की व्याज गावाचे, मग गोळी कोणती घ्यायची हे मंत्रालयात का ठरले? पुढे जून २०२१ मध्ये, म्हणजे तो हप्ता येऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, रस्त्यावरच्या दिव्यांची आणि पाणीयोजनांची वीजबिले वित्त आयोगाच्या याच पैशातून भरावीत असा आदेश निघाला. दिव्यांचे बिल त्यापूर्वी राज्य भरत आले होते. थकबाकीपायी गावेच्या गावे अंधारात गेली आणि सरपंच रस्त्यावर उतरले. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काढून घेतले. आणि मथळे मात्र पहिल्या हाताचे आले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत बोचते. जून २०२१ मध्ये 'कोरोनामुक्त गाव' अशी स्पर्धा जाहीर झाली. सहा महसूल विभाग. प्रत्येक विभागात पहिले बक्षीस ५० लाखांचे, दुसरे २५ लाखांचे, तिसरे १५ लाखांचे. एकूण अठरा बक्षिसे आणि ५ कोटी ४० लाख रुपये. हिवरे बाजारसारख्या गावांनी साथ हटवून दाखवली, त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण २८ हजार गावांनी पदरमोड करायची आणि अठरांना बक्षीस मिळायचे, याला मदत म्हणतात की सोडत? ज्या गावात रुग्ण अधिक, मृत्यू अधिक, त्या गावाचा खर्चही अधिक झाला असणार. नेमके तेच गाव स्पर्धेत मागे पडणार. आजाऱ्याला औषध न देता निरोग्याला पदक देण्याचा हा प्रकार आहे. बक्षीस ही देणाऱ्याची मर्जी असते. भरपाई हा घेणाऱ्याचा हक्क असतो. आपल्या राज्यकर्त्यांना पहिल्या शब्दाची इतकी गोडी का लागली आहे, हे उघड आहे. बक्षिसाला समारंभ करता येतो, हार घालून घेता येतात. बिल चुकते करताना छायाचित्र कोण काढणार?

यावर काही आक्षेप येतात, त्यांचा विचार केला पाहिजे.

कोणी म्हणेल, राज्याचीच तिजोरी रिकामी होती. त्याने द्यायचे कुठून? मला राज्याची अडचण मान्य आहे. पण त्याच २०२० साली राज्य दिल्लीच्या दारात काय म्हणत होते ते आठवावे. ऑगस्टमध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी साथ ही देवाची करणी आहे असे सांगितले, तेव्हा वस्तू व सेवा कराची भरपाई मागणाऱ्या राज्यांनी उत्तर दिले, की देवाची करणी असो वा माणसाची, कायद्याने कबूल केलेली भरपाई द्याच. आणि ते बरोबर होते. अखेर केंद्राने १ लाख १० हजार कोटींचे कर्ज काढून राज्यांकडे वळवले. मग तेच तर्कशास्त्र मुंबईहून गावाकडे येताना वाटेत कुठे उतरले? दिल्लीच्या दारात आपण धनको असतो. गावाच्या दारात आलो की एकदम दाता होतो!

दुसरा म्हणेल, साथ आवरणे हे पंचायतीचे कर्तव्यच नव्हे का? आरोग्य आणि स्वच्छता हे विषय घटनेच्या अकराव्या परिशिष्टात आहेत. आहेत ना! १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली तेव्हापासून आहेत. पण कर्तव्याबरोबर अधिकारही यावा लागतो. गटार केव्हा उपसायचे हे गाव ठरवते, म्हणून गटाराचा खर्च गावाने करावा हे ठीक. टाळेबंदी केव्हा लावायची, परगावचा माणूस किती दिवस शाळेत ठेवायचा, यातले काहीच गावाने ठरवलेले नव्हते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. पैसे सढळ हाताने वाटले तर खाल्ले जातील. हे भय खोटे नाही. साथीच्या काळातल्या खरेदीवरून आरोप झाले, चौकश्या लागल्या. पण येथे एक गंमत पाहा. मुंबई महापालिकेच्या सुमारे १२,०२४ कोटींच्या कामांची तपासणी महालेखापालांकडे सोपवली गेली, तेव्हा करोनावरच्या ३,५३८ कोटींहून अधिक खर्चाचे कागद त्यांना मिळाले नाहीत. कारण काय सांगितले? १८९७ चा कायदा आणि २००५ चा आपत्ती कायदा! २०२३ च्या अहवालात हे नमूद आहे. म्हणजे जो कायदा गावाला 'तुझे पैसे कोण देणार हे आम्ही सांगणार नाही' म्हणतो, तोच कायदा मोठ्या शहरात 'आमचे पैसे कसे गेले हे आम्ही सांगणार नाही' म्हणायच्या उपयोगी पडतो. आणि गावात? तिथे दोन हजारांच्या फवारणीला तीन दरपत्रके. चोरीचे भय असेल तर भरपाईचा नियम करणे हाच त्यावरचा उपाय आहे. जो बिल चुकते करतो त्याला ते तपासण्याचा अधिकार मिळतो. जो पैसेच देत नाही तो कोणत्या तोंडाने पावती मागणार? शिवाय गावातली खिचडी साऱ्या गावाने पाहिलेली असते. ग्रामसभेत ते बिल मोठ्याने वाचले, तर खोटे बोलणाऱ्याला बसल्या जागी उत्तर मिळेल.

परदेशात सारे आदर्श असते असा माझा भ्रम नाही. अमेरिकेने मार्च २०२० मध्ये राज्ये आणि स्थानिक सरकारे यांच्यासाठी १५० अब्ज डॉलर काढले; पण थेट पैसे मागण्याची मुभा पाच लाखांवर वस्ती असलेल्यांनाच दिली. लहान गावे राज्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिथेही लहानांची गत आपल्यासारखीच! पण त्यांनी ही चूक वर्षभरात सुधारली. मार्च २०२१ च्या कायद्याने ३५० अब्ज डॉलर दिले, त्यात लहान गावांचा वाटा वेगळा काढला, आणि तो राज्याने तीस दिवसांत गावापर्यंत पोचवावा असे बंधन घातले. त्यांच्या आपत्ती-निवारण संस्थेकडून पात्र खर्चाचा एरवी ७५ टक्के परतावा मिळतो. करोनाच्या खर्चासाठी तो पुढे पूर्ण शंभर टक्के केला, आणि साथीच्या आरंभापासून लागू केला. त्यांचा पैसा आपल्यापाशी नाही, हे खरे. पण तीस दिवसांची मुदत घालायला डॉलर लागत नाहीत.

तर मग करायचे काय? १८९७ च्या कायद्याचा सर्वंकष फेरविचार करावा, असे विधी आयोगाने २०२४ साली सुचवले आहे. तो होईल तेव्हा 'ठरवता येईल' या शब्दांच्या जागी 'ठरवावेच लागेल' असे लिहावे. साथीचा जो हुकूम निघेल, त्याच्याच पाठीवर खर्च कोणाचा आणि कोणत्या खात्यातून, हे छापलेले असावे. नसेल, तर खर्च हुकूम देणाऱ्याचा समजावा. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या हाती आगाऊ थोडी रक्कम असावी. संकटकाळासाठी एका पानाचे बिल आणि ग्रामसभेचा ठराव पुरेसा मानावा. तपासणी कडक हवी, पण ती मागाहून. बिल दिल्यापासून तीस दिवसांत पैसे मिळावेत, न मिळाल्यास व्याज लागावे. आणि २०२०-२१ ची जी बिले अजून फायलींत पडून आहेत, ती तालुक्यातालुक्यात मागवून एकदाची निकालात काढावीत. यात क्रांतिकारक असे काही नाही. गावचा किराणा दुकानदार हा व्यवहार रोज करतो.

हा प्रश्न केवळ जुन्या उधारीचा असता तर मी वाचकांचा सणाचा वेळ घेतला नसता. साथ पुन्हा येईल. केव्हा येईल ते सांगता येत नाही, एवढेच. त्या दिवशी ग्रामसेवकाच्या हातात पुन्हा हुकूम पडेल, आणि गावची सरपंचबाई दुकानदाराकडे पाहील. मागच्या वेळी तिने पुढचा विचार केला नाही, माणसे उपाशी ठेवली नाहीत. पुढच्या वेळी ती पहिला प्रश्न विचारील, पैसे कोण देणार? तो विचारण्यात तिचे काही चुकणार नाही. पण उत्तराची वाट पाहण्यात जे चार दिवस जातील, त्या चार दिवसांत साथ गावात शिरलेली असेल. सरकारने ज्यांचे बिल बुडवले, त्यांच्याकडून पुन्हा उधार मागण्याची वेळ स्वतःवर आणू नये.